जावयाचा डबा आणि टेबलाखालचा डबा

मला येणारे निम्मे फोन एकाच वाक्यानं सुरू होतात. "वैनी, डबा कुठला घेऊ?" नमस्कार नाही, नाव नाही, थेट डबा. मग मीही विचारते, "गाणार किती जण?" तो म्हणतो, "मी एकटाच." मी म्हणते, "मग दोन भोकांचा घे," आणि फोन ठेवते. मंगळवार पेठेत याला सल्ला म्हणतात.

डबा म्हणजे ऑडिओ इंटरफेस. माइकमधून येतो तो आवाज नसतो, विजेची बारीक थरथर असते. कॉम्प्युटरला थरथर कळत नाही, त्याला आकडे लागतात. या दोघांच्या मध्ये बसून एकाचं दुसऱ्याला समजावून सांगणारा हा डबा. पुढं माइकची वायर खुपसायला भोकं, आवाज कमीजास्त करायची बटणं, मागून एक वायर कॉम्प्युटरला. एवढंच. पण याच्या निवडीवरून मी भावाभावांत अबोला झालेला बघितलाय.

माझी रेकॉर्डिंगची खोली म्हणजे वडिलांच्या लाउडस्पीकरच्या दुकानाची मागची बाजू. भिंतींना आईनं शिवलेल्या वाकळा टांगल्यात. त्यामुळं आवाज घुमत नाही, आणि पाहुणे जास्त आले तर काढून अंथरता येतात. इथं भजनी मंडळं गायली, मंगलाष्टकं झाली, निवडणुकीच्या रिक्षांवर लागणाऱ्या घोषणा झाल्या. त्या सगळ्या पक्षांच्या घोषणा एकाच आठवड्यात एकाच माणसाच्या आवाजात झाल्या आणि चहाही सगळे एकत्रच प्याले. बाहेर जाऊन पुन्हा भांडायला लागले, तो भाग वेगळा.

आता माझ्या कॉम्प्युटरचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पूर्वी त्यावर सगळ्यांसारखी विकतची यंत्रणा होती. एकदा एक कीर्तनकारबुवा ऐन रंगात आले होते. डोळे मिटलेले, हात वर, आणि माझ्या पडद्यावर आलं, 'अपडेट सुरू आहे, कॉम्प्युटर बंद करू नका.' बुवांनी डोळे उघडले तेव्हा मी कपाळाला हात लावून बसले होते. बुवांना वाटलं मी भक्तीनं गहिवरले. मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही. त्याच आठवड्यात ती यंत्रणा पुसून टाकली आणि लिनक्स बसवलं.

लिनक्स हीसुद्धा कॉम्प्युटर चालवायची यंत्रणाच, पण कुणा एका कंपनीच्या मालकीची नाही. जगभरच्या लोकांनी मिळून केलेली, फुकट मिळणारी, आत काय आहे ते उघडून बघता येणारी. मला विचारल्याशिवाय ती शिंकतसुद्धा नाही. अडचण एकच. डबे बनवणाऱ्या कंपन्या तिला पंगतीत धरत नाहीत. खोक्यावर दोन विकतच्या यंत्रणांची नावं झोकात छापतात, आमचं नाव कुठं नसतं. मग आम्ही निवडायचं कसं?

पाहुणे बघितलेत ना? काही पाहुणे घरात जे शिजलंय ते मुकाट्यानं जेवतात. काही जण स्वतःचा आचारी बरोबर आणतात, आणि त्या आचाऱ्याला तुमची चूल चालत नाही. डब्यांचंही तसंच. काही डबे ठरलेल्या साध्या भाषेत बोलतात, ती लिनक्सला येते. वायर जोडली की कामाला सुरुवात. दुसऱ्या तऱ्हेच्या डब्यांना त्यांच्या कंपनीचाच प्रोग्राम लागतो आणि तो लिनक्ससाठी कुणी केलेलाच नसतो. असला डबा आणला की त्याचे दिवे लागतात, बाकी काही होत नाही. ओळखायची एक खूण म्हणजे, टॅबलेटला नुसता जोडून चालत असेल तर लिनक्सवरही बहुतेक चालतो. बटणं डब्याच्या अंगावर असावीत, कंपनीच्या प्रोग्रामात लपवलेली नसावीत. आणि कालच बाजारात आलेला घेऊ नये, दुसऱ्या कुणाला तरी आधी फसू द्यावं.

पण खरी परीक्षा दुकानातच. शाहूपुरीतले एक दुकानदार खोकं फोडायला तयार नसायचे. म्हणून मी भाजीच्या पिशवीत लॅपटॉप न्यायचे आणि वरून मेथीची जुडी ठेवायचे. "ह्यो डबा कशावर बी चालतोय, वैनी," असं त्यांनी म्हटलं की, "बघू तरी रंग कसा हाय," म्हणून खोकं उघडायला लावायचं, आणि ते गिऱ्हाइकाकडं वळले की मेथीखालून लॅपटॉप काढून वायर जोडायची. एकदा मी पकडली गेले. ते म्हणाले, "हे काय चाललंय?" मी म्हटलं, "तुमचा डबा माझ्या लॅपटॉपशी बोलंना झालाय. भांडण हाय काय दोघांत?" पुढं त्यांना सवय झाली. आता मला बघितलं की स्वतःच खोकी उघडतात आणि मेथी ठेवून घेतात.

इचलकरंजीचे एक यंत्रमाग कारखानदार हौशी गायक. त्यांनी मला न विचारता सोळा भोकांचा डबा घेतला. मी विचारलं, "गाणार कोण?" म्हणाले, "मीच की." "मग बाकीची भोकं कशाला?" "असू देत की. शेडमधलं सगळं माग तरी रोज कुठं चालत्यात?" त्यांचा डबा मात्र साध्या भाषेतला निघाला. अशा माणसांचं नशीबच बलवत्तर असतं.

असे सल्ले देऊन देऊन मी स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला. ज्याला त्याला डबा घ्यायला लावला, आणि जो तो घरी गाद्या उभ्या करून गायला लागला. खोलीत आता दिवसचे दिवस वाकळा आणि मी. वाईट वाटतं. वाकळांनी इतके आवाज खाल्लेत, आता त्यांनाही उपास घडतो. पण आण्णांचं काम याच रिकाम्या दिवसांत आलं, आणि खोली भरलेली असती तर त्यांना एक अख्खा आठवडा मी देऊ शकले नसते.

आण्णा कागलच्या अलीकडच्या गावचे. शेती, दोन म्हशी आणि कुस्तीच्या मैदानात निवेदन. माझ्या वडिलांच्या भोंग्यावर त्यांनी उभी हयात आवाज दिला. वडील कुरकुरायचे की आण्णाला माइक देणं म्हणजे माइकचे हाल. मी फ्रॉकमध्ये असल्यापासून ते मला ओळखतात, म्हणून आजही मी 'पोरी'. त्यांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. ऑपरेशन पुढच्या सोमवारी.

त्यांचे जावई संदीपराव कागलच्या 'पंचतारांकित एमआयडीसी'तल्या कारखान्यात इंजिनिअर. त्यांनी कुठंतरी वाचलं होतं की आवाज जाण्याआधी रोजची वाक्यं भरून ठेवता येतात. मग टॅबलेटवर बटणं करायची, बटण दाबलं की माणसाचं वाक्य त्याच्याच आवाजात. रजा काढून ते आण्णांना घेऊन माझ्याकडं आले. बरोबर आक्का, म्हणजे आण्णांची बायको.

मी विचारलं, "मोबाइलवर का नाही भरलं?"

आण्णांनी मान हलवली. आवाज आधीच घोगरा झाला होता, फक्त सकाळचा तासभर जुना लागायचा. "भरलं की. चंद्रीला ऐकवलं. तिनं कान बी हलवला न्हाई."

चंद्री म्हणजे त्यांची म्हैस. आण्णांची हाक कानावर पडल्याशिवाय ती पान्हा सोडत नाही. मोबाइल आवाज साफ करायच्या नादात त्यातला जाड भाग कापतो, आणि चंद्रीला नेमका तोच पाहिजे होता. या म्हशीइतका तयार कानाचा परीक्षक मला कुठल्या गाण्याच्या स्पर्धेत भेटलेला नाही.

"म्हशीचं जाऊ दे," आक्का म्हणाली. "घर मुकं व्हईल गं शैला. ह्यांचा आरडाओरडा ऐकून इतकी वर्सं कावलो मी. आता त्यो बंद हुणार म्हटलं तर घरात करमंल कसं?"

संदीपरावांनी वाक्यांची तयारी करून आणली होती. पहिलंच वाक्य, 'कृपया मला पाणी देता का?' आण्णांनी ते वाचून माझ्याकडं बघितलं. "पोरी, ह्या भाषेत मी पाणी मागितलं तर ही पाणी देणार न्हाई. डॉक्टरला बोलवंल." मग आम्ही सगळं नव्यानं केलं. 'पाणी आण.' 'च्या टाक.' 'न्हाई म्हंजे न्हाई.' 'आरं ए, गाडी बाजूला घे की.' 'व्हय व्हय, कळलं.' मतं मागायला येणाऱ्यांसाठी एक खास: 'पावणं, बसा. मागच्या खेपचा रस्ता कुठवर आलाय?'

आक्का म्हणाली, "माझं बी एक वाक्य घाला त्यात."

"कुठलं?"

"'चुकलं माझं.'"

आण्णा म्हणाले, "ते कशाला? लागणार न्हाई."

"संसाराला लागंल ते सगळं भरायचं म्हणालासा न्हवं?"

"संसाराला ते आजवर कुठं लागलंय?" आण्णांनी विषय संपवला. आक्कानं तोंड फिरवलं. मला हसू येत होतं, पण आक्काचा चेहरा हसण्यासारखा नव्हता.

दुसऱ्या दिवशी संदीपराव एक मोठं खोकं घेऊन आले. सासऱ्यांच्या आवाजासाठी त्यांनी मुद्दाम भारी डबा मागवला होता. काळा चकचकीत, तिरप्या झाकणाचा, पुढं हिरव्यानिळ्या दिव्यांची ओळ. मी खोक्यावरची छपाई वाचली आणि ओळखलं, हा आचारी घेऊन फिरणारा पाहुणा. लिनक्सला जोडला. दिवे लागले, बाकी काही झालं नाही.

"हा आपल्याकडं चालणार न्हाई," मी म्हणाले.

आमच्याकडं जावयानं आणलेली वस्तू परत करणं म्हणजे जावयालाच दारातून परत लावण्यासारखं. आक्का माझ्याकडं अशा नजरेनं बघायला लागली की जणू मीच डबा बिघडवला. संदीपराव गाडीतून वायर आणायला बाहेर गेले, आक्का त्यांच्यामागं गेली, तसे आण्णा माझ्या कानाशी आले.

"पोरी, जावयाचं मन मोडू नको. डबा टेबलावर राहू दे. दिवं लागू देत. आत तुझाच चालव."

मी म्हणजे असल्या कामाला एका पायावर तयार. टेबलाला मध्ये वायरीसाठी भोक आहे. माइकची वायर जावयाच्या डब्यामागून त्या भोकातून खाली नेली आणि खालच्या फळीवरच्या माझ्या जुन्या डब्याला जोडली. वर हिरवेनिळे दिवे लुकलुकतात, खाली माझा पोचे पडलेला डबा मुकाट राबतो. संदीपराव आत आले आणि पडद्यावर आवाजाची रेघ हलताना बघून खूश झाले. "बघा आत्या, चालला की," ते सासूबाईंना, आक्काला, म्हणाले. आण्णांनी गंभीर चेहऱ्यानं माइकमध्ये म्हटलं, "जावईबापूंचा डबा लई भारी." खालच्या डब्यानं तेही इमानेइतबारे भरून घेतलं.

गुरुवारपर्यंत असंच चाललं. रोज सकाळी तासभर. चंद्रीची हाक तेवढी राहिली होती, कारण आण्णा म्हणाले, "म्हस समोर नसताना हाक मारायला मला याड लागलंय काय?" ती शेवटच्या दिवशी गोठ्यातच भरायची ठरली.

शुक्रवारी एकदोन वाक्यं पुन्हा भरायची होती, त्या सकाळी आक्का येताना पूजेचं ताट घेऊन आली. मी चहा टाकायला आत गेले होते. तिच्या मनानं काय घेतलं होतं ते मला नंतर कळलं. नवी वस्तू पूजेशिवाय वापरली, सोमवारी ऑपरेशन, आणि साधा नारळसुद्धा वाढवला नाही, या विचारानं बिचारीला रात्रभर झोप नव्हती. ट्रॅक्टर येऊ दे, विहिरीवरची मोटर येऊ दे, हळदकुंकू लावून नारळाचं पाणी शिंपडल्याशिवाय आपल्याकडं कुठलं यंत्र चालू होतं? तिनं जावयाच्या डब्याला बोटभर कुंकू लावलं. कपाळ कुठलं ते न कळल्यानं माइकच्या भोकालाच लावलं. उंबऱ्यावर नारळ वाढवला आणि वाटीतलं पाणी सढळ हातानं डब्यावर सोडलं. संदीपरावांनी हात जोडले.

डब्याचं झाकण तिरपं. पाणी सगळं घसरून टेबलाच्या भोकात आणि तिथून खाली. मी चहा घेऊन आत येत होते तेवढ्यात स्पीकरमधून चर्र असा आवाज आला आणि पडद्यावरची रेघ आडवी झाली.

आण्णांना टेबलाखालचं माहीत होतं. ते उठले आणि मैदानातल्या आवाजात ओरडले, "अगं ए, थांब! खालचा डबा भिजला की!" तिथंच थांबायला हवं होतं, पण आण्णा थांबणाऱ्यांतले नव्हेत. अक्कल काढली, नारळ काढला, तिचं माहेर काढलं. आठवडाभर जपलेला आवाज त्यांनी एका दमात तिच्यावर उधळला. वाकळांमागच्या भिंतीसुद्धा हादरल्या असतील. मग एकाएकी आवाज चिरला. तोंड हलत राहिलं, बाहेर नुसती हवा.

आक्का हातात करवंटी घेऊन उभी होती. "तुमच्यासाठीच केलं," ती म्हणाली. "सोमवार नीट जावा म्हणून." आणि बाहेर जाऊन पायरीवर बसली.

"खालचा डबा?" संदीपरावांनी विचारलं. ते वाकले, टेबलाखाली बघितलं आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. मला इतकं ओशाळं वाटलं की हातातला चहा कुणाला द्यायचा तेही कळेना.

जुना डबा मी उघडला, पुसला, वारा घातला. गेला तो गेला. डॉक्टरांना फोन केला तर ते भडकले, रविवार सकाळपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही म्हणाले. रविवारी दुपारी तर दवाखान्यात भरती. म्हणजे हातात राहिली ती फक्त रविवारची सकाळ, तीही आवाज परत आला तर.

उसना डबा मिळण्यासारखा होता. इचलकरंजीच्या कारखानदारांना मी फोन लावला, ते म्हणाले, "सोळा भोकांचा हाय, आत्ता पाठवतो. आता कळलं न्हवं बाकीची भोकं कशाला असत्यात?" मी दात ओठ खात होय म्हणत होते, तेवढ्यात मागून संदीपराव म्हणाले, "एक मिनिट, वैनी."

ते खोक्यातलं माहितीपुस्तक घेऊन बसले होते. मी ती पुस्तकं उघडत नाही. ते मी कमीपणाचं समजते. संदीपरावांनी पान पुढं केलं. "इथं लिहिलंय, पुढचं बटण दाबून धरून चालू केला तर हा टॅबलेटवर नुसता चालतो. प्रोग्राम लागत नाही. दिवे मात्र सगळे लागत नाहीत."

टॅबलेटवर नुसता चालणारा डबा लिनक्सवर चालतो, हे मी साऱ्या जिल्ह्याला सांगत आलेली बाई. बटण दाबून धरलं, चालू केला. कॉम्प्युटरनं त्याला नावानिशी ओळखलं. आचाऱ्याला घरी पाठवून पाहुणा निमूट पंगतीला बसला. पहिल्या भोकात कुंकू गेलं होतं, ते खरखरत होतं. दुसरं ठणठणीत होतं. बाकीची भोकं कशाला असतात ते मला खरोखरच त्या दिवशी कळलं, पण मी कारखानदारांना ते अजून सांगितलेलं नाही.

"संदीपराव," मी म्हणाले, "चहात साखर किती घालू?" माझ्या तोंडून माफी अशीच निघते. त्यांना ती कळली असावी. ते म्हणाले, "दोन चमचे. आणि टेबलावरच ठेवा, खाली नको."

शनिवारी मी त्यांच्या गावी गेले, गोठ्यात वायर ओढून ठेवायला. घरात चिडीचूप. आण्णांना बोलायची बंदी, आणि आक्का बोलायला तयार नाही. ती ताट वाढायची आणि उठून जायची. आण्णा खुणा करायचे, ती बघायचीच नाही. अंगणातली कुत्री बावरल्यासारखी इकडून तिकडं फिरत होती. आक्का ज्याला भीत होती ते मुकं घर सोमवारच्या आधीच येऊन बसलं होतं. मला तिथं तासभरही थांबवेना.

रविवारी सकाळी मी गोठ्यात गवताच्या पेंढीवर लॅपटॉप ठेवला, शेजारी जावयाचा डबा, आता उघड उघड. आण्णांच्या समोर माइक. आक्का बादली घेऊन चंद्रीखाली बसली, पाठ आमच्याकडं. मी खूण केली. आण्णांनी घसा खाकरला आणि हाक मारली, "चंद्रे, एऽऽ माझे बाय, हंऽऽ."

घोगरी होती, पण त्यांचीच होती. मी ती लगेच स्पीकरवर परत लावली. आण्णांचं तोंड मिटलेलं होतं, तरी चंद्रीनं स्पीकरकडं मान वळवली, शेपूट हलवलं, आणि बादलीत धार वाजायला लागली. संदीपरावांनी माझ्या हातावर टाळी दिली. काम संपलं म्हणून मी रेकॉर्डिंग बंद करायला हात नेला, तर आण्णांनी हात वर करून थांबवलं.

ते आक्काच्या पाठीकडं बघत होते. मग माइकच्या अगदी जवळ आले. इतक्या जवळ येऊ नये म्हणून माझे वडील त्यांच्यावर जन्मभर ओरडले होते. आणि मी कधीही ऐकला नव्हता इतक्या हळू आवाजात म्हणाले, "चुकलं माझं."

धारेच्या आवाजात आक्काला नीट ऐकू गेलं नाही. मागं न बघताच तिनं विचारलं, "काय म्हणालासा?" शुक्रवारपासून ती त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलत होती.

"काय न्हाई," आण्णा म्हणाले. "म्हशीला म्हणालो."

माझे डोळे भरून आले होते. संदीपराव वायर गुंडाळायचं सोंग करत होते, आणि गुंडाळलेली वायर पुन्हा सोडत होते. दुपारी गाडी दवाखान्याकडं निघाली.

ऑपरेशन नीट झालं. जखम भरल्यावर मी आण्णांना भेटायला गेले. गळ्यावर पातळ फडकं बांधून ते घराच्या पुढच्या सोप्यात बसले होते, मांडीवर टॅबलेट, शेजारी संदीपराव. आण्णा भलतेच तरबेज झाले होते. मला बघताच दाबलं, 'पावणं, बसा. मागच्या खेपचा रस्ता कुठवर आलाय?' मग आतल्या दिशेनं, 'च्या टाक.' आतून आक्काचा आवाज आला, "आत्ताच झालाय की." आण्णांनी पुन्हा दाबलं, 'च्या टाक.' "डॉक्टरनी काय सांगितलंय?" 'व्हय व्हय, कळलं. च्या टाक.' मी हसून हसून बेजार. घर पहिल्यासारखंच भांडत होतं.

शेवटी आक्का तावातावानं बाहेर आली, एका हातात पातेलं. "दाबा, आजून दाबा. दुसरं काय येतंय तुमास्नी?"

आण्णांचं बोट बटणांवरून फिरत खाली गेलं. सगळ्यात खाली एक बटण होतं. त्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. संदीपरावांनी त्याला नुसता कुंकवाचा रंग दिला होता. आण्णा त्यावर जरा थबकले. मग दाबलं.

"चुकलं माझं."

मागं धारेचा आवाजही आला होता. आक्का जागच्या जागी उभी राहिली. तिनं आण्णांकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"हे कवा भरलं?"

"गोठ्यात," मी म्हणाले. "त्या दिवशी, धार काढताना."

तिनं पातेलं खाली ठेवलं आणि पदर डोळ्यांना लावला. आण्णा मान खाली घालून बसले. मग पदर काढून तिनं नाक पुसलं आणि जावयाकडं वळली.

"संदीपराव, ह्याचा आवाज वाढतोय काय बघा की. शेजारच्यांस्नी ऐकू गेलं नसंल."

संदीपरावांनी हात पुढं केला, पण आण्णांनी टॅबलेट त्यांना दिला नाही. स्वतःच आवाज पार शेवटापर्यंत नेला, टॅबलेटचं तोंड खिडकीकडं केलं आणि पुन्हा दाबलं.